बास्केटबॉल कोचचं खरं भांडवल: सरावाची नव्वद मिनिटं

कुठल्याही संघाचा सराव बघायला जा आणि एकच गोष्ट मोजा: दहा मिनिटांत एका खेळाडूच्या हातात चेंडू किती वेळा येतो.

नेहमीची लेअपची, म्हणजे धावत येऊन रिंगजवळून चेंडू टाकण्याची, रांग घ्या. बारा खेळाडू, एक रिंग, दोन रांगा. एक जण मारतो, एक जण रिबाउंड (रिंगवरून परत आलेला चेंडू) घेतो, उरलेले दहा उभे. एका लेअपला पाच सेकंद धरले, तर प्रत्येकाची मारायची पाळी मिनिटातून एकदा येते, म्हणजे दहा मिनिटांत दहा लेअप. आता त्याच बारा जणांचे तिघा-तिघांचे चार गट करा, दोन्ही रिंगांच्या डाव्या-उजव्या बाजूंना एकेक गट उभा करा आणि प्रत्येक गटाला एक चेंडू द्या. पाळी पंधरा सेकंदांनी येते आणि त्याच दहा मिनिटांत प्रत्येकाचे चाळीस लेअप होतात. कोर्ट तेच, वेळ तीच, मुलंही तीच. कोणाला कुठे उभं केलं, एवढाच फरक.

कोचिंगचा विषय निघाला की बोलणं लगेच डावपेचांवर जातं. झोन लावायचा (प्रत्येकाने आपापली जागा राखायची) की मॅन टू मॅन (प्रत्येकाने एकेका माणसाला अडवायचं), शेवटच्या मिनिटात कुठली चाल खेळायची, वगैरे. हे प्रश्न खरे आहेत, पण ते नंतरचे. संघ सामन्यात तेच खेळतो जे सरावात त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं, त्यामुळे सरावातली मिनिटं कशी खर्च होतात यावरच बहुतेक सगळं ठरतं.

आधी कागद

सरावाला जाताना खिशात कागद हवा आणि त्यावर प्रत्येक भागापुढे मिनिटं लिहिलेली हवीत. नव्वद मिनिटांची एक मांडणी अशी होऊ शकते: १२ मिनिटं चेंडूसह वॉर्मअप, १५ मिनिटं शूटिंग आणि रिंगजवळचे शॉट, २० मिनिटं डिफेन्स, २० मिनिटं लहान गटांचे सामने, १५ मिनिटं पूर्ण कोर्टवर पाच विरुद्ध पाच, ५ मिनिटं फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे, कोणी न अडवता मारायचे शॉट) आणि शेवटची ३ मिनिटं बोलायला. दिवसाचा मुख्य विषय एकच ठेवायचा. आज ड्रिबल करून, म्हणजे चेंडू आपटत, आत घुसणाऱ्याला अडवणं हा विषय असेल, तर वॉर्मअपमधली एक-विरुद्ध-एकची झटापट, डिफेन्सची वीस मिनिटं आणि शेवटच्या खेळातली गुणांची पद्धत, हे सगळं त्याच विषयाभोवती फिरलं पाहिजे. एका दिवसात पाच नवीन गोष्टी शिकवल्या, तर दुसऱ्या दिवशी त्यातली एकही टिकलेली नसते.

एक ड्रिल आठ-दहा मिनिटांपेक्षा जास्त ताणू नये. त्यानंतर पाय चालतात, डोकं थांबतं. प्रत्येक ड्रिलला नाव द्या, म्हणजे पुढच्या वेळी नाव घेतलं की मुलं आपापल्या जागी जातात. जे ड्रिल समजावून सांगायला मिनिटाच्या वर वेळ लागतो, ते बहुधा गरजेपेक्षा गुंतागुंतीचं असतं. पाणी प्यायला सोडताना आधी दोन फ्री थ्रो मारायला सांगायचे. सामन्यात फ्री थ्रो धापा टाकतच मारावे लागतात आणि तेही बहुतेक वेळा दोनच असतात. एका जागी उभं राहून सलग पन्नास मारल्याने लय सापडते, पण सामन्यात ती सापडायला वेळच मिळत नाही. किती गेले, ते आकडे मात्र लिहून ठेवा.

वॉर्मअपमध्ये उडी मारून उतरणं शिकवायला तीन-चार मिनिटं राखून ठेवा. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, आवाज न करता उतरायचं. गुडघे आतल्या बाजूला एकमेकांकडे झुकत असतील तर तिथेच थांबवून सुधारायचं. या खेळात सगळ्यात जास्त दुखावतो तो घोटा, आणि पुष्कळदा तो दुसऱ्याच्या पावलावर उतरल्याने मुरगळतो. म्हणून शॉट मारणाऱ्याच्या पायाखाली पाऊल सरकवणाऱ्या डिफेंडरला पहिल्याच दिवशी खडसवायचं. यात दयामाया नको.

लहान मुलांच्या बाबतीत साहित्याचा हट्ट धरा. मिनी बास्केटबॉलमध्ये ५ नंबरचा चेंडू आणि २.६० मीटरवरची रिंग वापरतात, ते उगाच नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ७ नंबरचा चेंडू देऊन ३.०५ मीटरच्या रिंगपुढे उभं केलं, की तो चेंडू कमरेपासून उचलतो, दोन्ही हातांनी ढकलतो आणि पाठ मागे टाकतो. ताकद नसल्यामुळे शरीराने काढलेली ती पळवाट असते. ताकद आली तरी सवय जात नाही, आणि ती मोडायला पुढे वर्ष-वर्ष लागतं.

शॉट कुठे चुकला ते बघा

शूटिंगची सुरुवात रिंगपासून एका मीटरवर, एकाच हाताने करायची. पाच बास्केट झाल्या की एक पाऊल मागे. तंत्र बिघडायला लागलं की पुन्हा एक पाऊल पुढे. तीन गुणांच्या रेषेवरून, म्हणजे ६.७५ मीटरवरून, सुरुवात करणारा खेळाडू आपला शॉट रोज थोडा थोडा बिघडवत असतो.

चुकलेला शॉट स्वतःच कारण सांगतो. चेंडू डावी-उजवीकडे जात असेल तर रेष चुकते आहे: कोपर बाहेर निघालं आहे किंवा आधाराच्या हाताचा अंगठा चेंडूला ढकलतो आहे. सरळ जाऊन तोकडा पडत असेल तर पाय पुरेसे वापरले जात नाहीत किंवा चेंडूला उंची मिळत नाही. सामन्याच्या उत्तरार्धात सगळ्यांचेच शॉट तोकडे पडायला लागले, तर तो दमण्याचा प्रश्न आहे आणि तिथे कोपराबद्दल बोलून काही साधत नाही. खेळाडूला हा फरक स्वतः ओळखता आला पाहिजे. प्रत्येक शॉटनंतर त्यालाच विचारायचं, ‘कुठे लागला?’ रिंगच्या पुढच्या कडेला, मागच्या कडेला, डावीकडे, उजवीकडे. चार दिवसांत तो आपणहून दुरुस्ती करायला लागतो.

शंकू हात पुढे करत नाही

शंकू मांडून त्यांच्यामधून ड्रिबल करत जाणं दिसायला छान दिसतं. पण शंकू जागचा हलत नाही, चेंडूवर हात मारत नाही, आणि ड्रिबल करणाऱ्याला मान वर करून बघायचं काही कारणच उरत नाही. हात बसवायला सुरुवातीला पाचेक मिनिटं ठीक आहे. त्यानंतर समोर माणूस हवा. बास्केटबॉलमध्ये कौशल्य आणि निर्णय वेगळे काढता येत नाहीत: पास उत्तम आला, पण चुकीच्या वेळी दिला, तर तो टर्नओव्हरच, म्हणजे चेंडू समोरच्या संघाला गेला.

म्हणून दोन विरुद्ध एक, तीन विरुद्ध दोन, तीन विरुद्ध तीन अशा लहान सामन्यांना माझ्या मते सरावात सगळ्यात मोठी जागा मिळायला हवी. यात चेंडू सतत जवळ असतो, लपायला जागा नसते आणि दर काही सेकंदांनी काहीतरी ठरवावंच लागतं. नियम बदलून हवी ती सवय लावता येते. ड्रिबलच बंद केला तर मुलं चेंडू नसताना हलायला शिकतात. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये हा खेळ मांडला, तेव्हा चेंडू जिथे पकडला तिथूनच टाकायचा असा नियम होता, त्यामुळे हे काही खेळाच्या स्वभावाविरुद्ध नाही. जास्तीत जास्त दोन ड्रिबलची मर्यादा घातली, तर प्रत्येक ड्रिबल रिंगच्या दिशेने जायला लागतो.

नियम निवडताना मात्र जपून. ‘शॉटच्या आधी पाच पास झालेच पाहिजेत’ हा नियम फार ठिकाणी दिसतो आणि तो उलटा शिकवतो. रिंगखाली मोकळा उभा असलेला खेळाडू चेंडू परत बाहेर देतो, कारण अजून तिसराच पास झालेला असतो. त्यापेक्षा बारा सेकंदांत शॉट घ्या असं सांगा, किंवा चेंडू आधी रिंगसमोरच्या रंगीत पट्ट्यात जाऊन मग झालेल्या बास्केटला एक गुण जास्त द्या. मुलं आपोआप आत घुसण्याची वाट शोधतात.

डिफेन्स: शेल ड्रिल नीट करा

एकच डिफेन्सचं ड्रिल करायचं असेल, तर चार विरुद्ध चारचं शेल करा. दोन आक्रमक वर, दोन कोपऱ्यांत, प्रत्येकावर एक डिफेंडर. पहिली दोन मिनिटं चेंडू फक्त बाहेरून फिरतो. प्रत्येक पासनंतर आक्रमक दोन सेकंद चेंडू धरून ठेवतो, आणि तेवढ्यात कोच चौघांच्या जागा बघतो.

चेंडूवाल्यासमोरचा डिफेंडर हातभर अंतरावर असतो, पाय खांद्यांपेक्षा रुंद, गुडघे वाकलेले. ज्याचा माणूस एका पासच्या अंतरावर आहे, तो आपल्या माणसापासून एक पाऊल चेंडूकडे सरकलेला असतो, आणि त्याचा हात पासच्या वाटेत असतो. ज्याचा माणूस दोन पास लांब, पलीकडच्या बाजूला आहे, तो दोन रिंगांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेपर्यंत आत आलेला असतो. त्याने एक बोट चेंडूकडे आणि एक आपल्या माणसाकडे रोखून धरायचं. पोरखेळ वाटतो खरा, पण बोट रोखता आलं नाही म्हणजे दोघांपैकी एक त्याला दिसत नाहीये, हे त्यालाही लगेच कळतं आणि आपल्यालाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हलायचं कधी? पास हवेत असताना. चेंडू समोरच्याच्या हातात पडल्यावर निघालेला डिफेंडर कायम एक पाऊल मागे राहतो, आणि मग ते पाऊल भरून काढायला फाउल करतो. संघाचे फाउल जास्त होतात तेव्हा कोच हातांना दोष देतो, पण दोष असतो उशिरा हललेल्या पायांचा.

जागा बसल्या की ड्रिबल खुला करा. आक्रमक बेसलाइनच्या, म्हणजे रिंगमागच्या रेषेच्या, बाजूने घुसला, तर पलीकडच्या बाजूचा खालचा डिफेंडर मदतीला येतो आणि त्याला रंगीत पट्ट्याच्या बाहेरच अडवतो. मग मदतीला गेलेल्याच्या माणसाकडे वरचा डिफेंडर खाली सरकतो. बहुतेक संघांची पहिली मदत बरी येते. खरी गडबड या दुसऱ्या सरकण्यात होते, कारण तो खेळाडू चेंडू बघत उभा राहतो. म्हणून ड्रिल थांबवून शाबासकी द्यायची असेल, तर ती या दुसऱ्या माणसाला द्या. बाकीच्यांना कळतं की कोच काय बघतो.

चेंडू परत बाहेर गेला की क्लोजआउट, म्हणजे चेंडूवाल्याकडे धावत जाऊन त्याला अडवणं. दोन-तृतीयांश अंतर जोरात पळायचं, शेवटचं अंतर छोट्या छोट्या पावलांनी, वजन खाली, एक हात वर. हमखास दिसणारी चूक म्हणजे शेवटपर्यंत त्याच वेगाने जाणं आणि उडी मारणं. समोरचा नुसता हूल देतो आणि बाजूने निघून जातो.

शेलमधला प्रत्येक डाव रिबाउंडवर संपवायचा. शॉट सुटला की आधी आपल्या माणसाला अंगाने अडवायचं, मग चेंडू शोधायचा. कोपऱ्यातून मारलेला चुकला, तर चेंडू बरेचदा पलीकडच्या बाजूला जातो, म्हणून तिकडच्या डिफेंडरने झोपून चालत नाही.

झोनबद्दल थोडक्यात: लहान वयात तो शिकवू नका. दोन-तीनच्या झोनने (दोघे पुढे, तिघे रिंगजवळ) लहान मुलांविरुद्ध सामने जिंकता येतात, कारण लांबून मारायची ताकद समोर नसते. पण झोनमध्ये वाढलेला खेळाडू पुढे एका माणसाला अडवायची वेळ आली की उघडा पडतो.

आक्रमण: अंतर आणि हिशेब

पाच खेळाडूंमध्ये चार ते पाच मीटर अंतर राहिलं, तर अर्धं आक्रमण आपोआप होतं. दोघे दोन मीटरवर आले की एक डिफेंडर दोघांना सांभाळतो. सुरुवातीला तीन नियम पुरेत: पास दिला की रिंगकडे कापत जा, मोकळी झालेली जागा शेजाऱ्याने भरा, चेंडू पकडला की आधी रिंगकडे तोंड करा. यावर दोन-तीन ठरलेल्या चाली, बेसलाइनवरून आणि बाजूच्या रेषेवरून चेंडू आत टाकायची एकेक पद्धत आणि प्रेस (समोरच्यांनी कोर्टभर टाकलेला दबाव) फोडायची एक. तेवढं नीट येईपर्यंत वहीतली बाकीची पानं बंद ठेवा. चेंडू आत टाकायला पाच सेकंद, अर्धं कोर्ट ओलांडायला आठ, शॉट घ्यायला २४ आणि आक्रमक रिबाउंड मिळाल्यावर १४. हे आकडे खेळाडूंच्या अंगात भिनायचे तर सरावात घड्याळ चालू हवं.

कुठला शॉट चांगला, हे वादाने ठरवू नका, हिशेबाने ठरवा. रिंगजवळून शंभरात साठ जात असतील, तर एका प्रयत्नाला सरासरी १.२ गुण. तीन गुणांचे शंभरात ३६ जात असतील, तर १.०८. रेषेच्या जरा आतून मारलेला लांबचा दोन गुणांचा शॉट शंभरात ३५ वेळा जात असेल, तर ०.७. आणि ७० टक्के फ्री थ्रो मारणाऱ्याला दोन मिळाले, तर १.४. एवढं फळ्यावर लिहिलं की आत घुसून फाउल मिळवणं का मोलाचं, ते वेगळं पटवावं लागत नाही. कोणी कुठून मारायचं, ते त्याच्या सरावातल्या आकड्यांवरून ठरतं. त्याला तो शॉट आवडतो, हे कारण पुरेसं नाही.

काय बोलायचं

१९७४-७५ च्या हंगामात रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाचे कोच जॉन वुडन यांचे सराव बसून टिपले. वुडन यांच्या संघाने १९६४ ते १९७५ या काळात दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. त्यांच्या बोलण्यातला सुमारे तीन-चतुर्थांश भाग निव्वळ माहिती होती: काय करायचं, कसं करायचं. कौतुक आणि नाराजी, दोन्ही मिळून त्या मानाने अगदी थोडी.

‘लक्ष दे’, ‘जोर लाव’, ‘काय करतोयस?’ या वाक्यांतून खेळाडूच्या हाती काहीच लागत नाही. ‘कोपर आत’, ‘पास हवेत असताना निघ’, ‘डावा पाय आधी’ यातून लागतं. वाक्य पाच-सहा शब्दांचं, एका वेळी एकच दुरुस्ती, आणि लगेच पुन्हा तीच कृती. दुरुस्ती सांगितल्यावर खेळाडूला रांगेच्या शेवटी पाठवलं, तर ती विरून जाते. चूक एकाची असेल तर त्याला बाजूला घेऊन सांगा, खेळ चालू राहू द्या. सगळ्यांचा खेळ थांबवायचा तो तीन-चार जण एकच चूक करत असतील तेव्हा, आणि तोही वीस सेकंदांपुरता. कधी कधी सांगण्यापेक्षा विचारणं बरं: ‘मदत कुठून यायला हवी होती?’

चूक प्रयत्नाची आहे की शिकण्याची, हे ओळखून बोला. परत पळत न येणं ही प्रयत्नाची चूक, ती खपवून घेऊ नका. डाव्या हाताने लेअप मारताना चुकणं ही शिकण्याची चूक आहे. तिच्यावर सगळ्यांदेखत ओरडलात, तर तो मुलगा पुढच्या सामन्यात डाव्या बाजूला जाणारच नाही. चेंडूपासून लपणारा खेळाडू बहुतेक वेळा असाच तयार होतो.

सामन्याच्या दिवशी

आता शिकवायची वेळ गेलेली असते. दहा मिनिटांचे चार क्वार्टर, पाच जण, म्हणजे वाटायला एकूण २०० मिनिटं. कोण कोणाच्या जागी, साधारण कधी जाणार, हे आधीच कागदावर असू द्या आणि खेळाडूलाही माहीत असू द्या. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले, की पुढच्या डिफेन्सच्या फाउलला समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात. हा आकडा बेंचवरच्या एकाने सतत मोठ्याने सांगत राहायचा.

फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनुसार पहिल्या अर्ध्यात दोन आणि दुसऱ्या अर्ध्यात तीन टाइमआउट मिळतात, पण चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत त्यातले जास्तीत जास्त दोनच घेता येतात. साठवून ठेवलेला तिसरा वाया जातो. टाइमआउट एका मिनिटाचा. पहिले दहा सेकंद पाणी आणि श्वास. मग बोलायचं एकाच माणसाने: एक गोष्ट डिफेन्सची, एक आक्रमणाची. निघताना एका खेळाडूकडून ती परत वदवून घ्या.

शेवटच्या दोन मिनिटांतला एखादा प्रसंग आठवड्यातून एकदा तरी सरावात खेळा. घड्याळावर १:१० लावा, एका संघाला तीन गुणांनी मागे ठेवा, दोन्हींचे चार-चार फाउल झालेत असं धरा. फाउल कधी करायचा, कोणाला करायचा, दोन गुणांची सोपी बास्केट घ्यायची की तिनाची वाट बघायची, हे तेव्हाच समजतं.

नंतरची वही

गुणफलक सांगतो कोण जिंकलं. का जिंकलं, ते कळायला बास्केटबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक डीन ऑलिव्हर यांनी मांडलेले चार घटक पुरतात: शॉट किती कार्यक्षम होते, चेंडू किती वेळा घालवला, आक्रमक रिबाउंड किती मिळाले, फ्री थ्रो किती कमावले. शॉटची कार्यक्षमता काढताना दोन गुणांच्या प्रत्येक बास्केटला एक, तीन गुणांच्या प्रत्येक बास्केटला दीड धरायचं आणि बेरजेला एकूण प्रयत्नांनी भागायचं. पेन्सिल आणि चार रकाने दिले, तर बेंचवरचा खेळाडूही हे टिपू शकतो, आणि त्या निमित्ताने तो सामना नीट बघतो.

टर्नओव्हरच्या रकान्याचे आणखी भाग पाडा: हवेत उडी मारून दिलेला पास, पहिल्या पावलावरचं ट्रॅव्हलिंग (चेंडू न आपटता पावलं टाकणं), गर्दीत केलेला ड्रिबल, जागच्या जागी उभ्या खेळाडूला दिलेला आणि मधेच पळवलेला पास. तरुण संघांत हा शेवटचा रकाना लवकर भरतो. पास देणाऱ्याला बोल लावण्याआधी घेणाऱ्याचे पाय बघा: तो चेंडूकडे दोन पावलं आला होता का? नसेल, तर पुढच्या सरावाच्या कागदावर पहिली दहा मिनिटं कशाची, ते ठरलं. जोड्या करा, प्रत्येकामागे एक डिफेंडर, आणि चेंडूकडे धावत येऊन दोन पायांवर थांबून घेतलेला पास तेवढाच मोजा.